बिनआवाजी मोटर

मागच्या खोलीतल्या माझ्या हौसेच्या, धातू कोरायच्या मिलिंग मशीनचा खडखडणारा पट्टा काढून मी बिनआवाजी मोटर बसवली. वेग बदलायला नुसतं बटण फिरवायचं. पण बायको सुखानं काम करू देईल तर शपथ! सारखं दार उघडून डोकावणं. “चहा हवाय?” “किल्ली दिसली?” माझा हात अडखळायचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर ओरखडा उठायचा. शेवटी तो तुकडा तिच्यापुढे आपटला. “अगं, काय लावलंयस हे?” तीही उसळली, “तुमचा हात चालला की पट्टा खडखडायचा. तुमच्या हृदयाच्या ऑपरेशनपासून तेच ऐकत मी स्वयंपाक करायचे. कळायचं, आहात म्हणून. आता कानावर काहीच पडत नाही!” कपाळ माझं! एवढं खपून बसवलेल्या मोटरच्या झाकणाचा स्क्रू मी स्वतःच सैल केला. आता खडखड ओट्यापर्यंत पोचते, बायको इकडे फिरकत नाही. तरी आज ओरखडा उठलाच. मीच दाराकडे बघत होतो.