न वाढणारा नातू

म्हाताऱ्याने आपणहून खुर्ची पाळण्याजवळ ओढली, तेव्हाच तिला खटकलं.

“इथे वारा लागतो,” तो म्हणाला.

पंखा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

तिने त्याच्या हातातली डिस्क घेऊन यंत्रात सरकवली. परदेशातून आलेल्या डिस्क इथल्या जुन्या टीव्हीवर लागत नाहीत. तिकडचा टीव्ही सेकंदाला तीस चित्रं दाखवतो, इकडचा पंचवीस. एका यंत्रात तिकडची डिस्क फिरायची, मधला डबा चित्रांचा मेळ बसवायचा आणि दुसऱ्या यंत्रात इकडची डिस्क तयार व्हायची. जेवढी लांब डिस्क, तेवढा वेळ. लेक ठमी जन्मली तेव्हापासून ती हे काम घरीच करत होती. हात बटणांवर आणि पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी.

“नातू आहे माझा,” म्हातारा म्हणाला. “लांब असतो.”

पडद्यावर दोन-अडीच वर्षांचा मुलगा मधली दोन बोटं चोखत होता. चित्र विटलेलं होतं. म्हातारा मात्र पडद्याकडे कमी आणि पाळण्यातच जास्त बघत होता. पोर रात्री झोपते का, दात आला का, बापाकडे राहते का, असं एकेक विचारत राहिला. निघताना, यजमान किती वाजता येतात, तेही विचारलं. दिवेलागणीला, असं ती सांगून बसली आणि मग जीभ चावली. जुनी-नवी अशा दोन्ही डिस्क पिशवीत घालून तो गेला.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. गिऱ्हाईक आहे, चार गोष्टी बोललं तर बिघडलं काय, म्हणाला. “तुला तर दूधवाल्याचाही संशय येतो.” ठमी त्याच्या कडेवर होती. तिची बोटं नेहमीसारखी त्याच्या हनुवटीखालच्या वणाशी खेळत होती. हे तिचं सगळ्यात आवडतं खेळणं.

घरात मोठं माणूस नव्हतं. लग्न झालं तसं त्याच्या घरच्यांनी दार लावून घेतलं, ते लावलंच. तिची आई दूर. मनात पाल चुकचुकली तर विचारायचं कुणाला?

म्हातारा पुढच्या महिन्यात आला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी नवी डिस्क, दर वेळी दुपारी. तेवढ्यात ठमी बसायला लागली, मग रांगायला, मग धरून उभी राहायला. पडद्यावरचा मुलगा मात्र होता तेवढाच. तोच सदरा, तीच दोन बोटं. लेकरू असं एका मापाचं कसं राहील? राहतं, फक्त एकाच कारणाने राहतं. त्या विचारासरशी तिने ठमीला उचलून छातीशी धरलं. म्हाताऱ्याने अलगद विचारलं, भूक लागली असेल का हो तिला?

त्याच दुपारी तिला सावली दिसली.

मुलाने हात हलवला की हातामागे आणखी एक फिकट हात हलत होता. मेळ बसवलेल्या डिस्कमध्ये अशी सावली उरते. चित्रं कमी-जास्त करताना दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. पण ही तिने बनवलेली डिस्क नव्हती. ही त्याने आणलेली होती. म्हणजे कुणीतरी आधीच एकदा हे काम केलं होतं, तेही उलटं. डिस्क परदेशातली नव्हतीच.

असं काम करणारा जवळपास आणखी एकच, चौकातला फोटोवाला. ठमीला खांद्यावर टाकून ती त्याच्याकडे गेली.

“येतात की आजोबा,” फोटोवाला म्हणाला. “घरच्या जुन्या कॅसेटी आणतात. मी म्हटलं, आपल्या टीव्हीवर छान दिसतंय, तिकडचं कशाला करता? म्हणाले, तसंच पाहिजे. हौसेला मोल नाही, वहिनी.”

इथे उलटं करून घ्यायचं आणि तिच्याकडे येऊन सुलटं. म्हणजे कामाचं नुसतं निमित्त. त्याला तिच्या घरात बसायचं होतं, पाळण्याजवळ.

पुढच्या खेपेला तिने त्याची खुर्ची उंबऱ्याबाहेर ठेवली. ठमीला आतल्या खोलीत निजवून कडी घातली. म्हातारा मुकाट्याने बाहेर बसला. उन्हात होता, तरी खुर्ची हलवली नाही. डिस्क फिरायला लागली तशी ती दारात येऊन उभी राहिली.

“आजोबा, हा नातू नाही तुमचा. हे मूल कुणाचं?”

तो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला,

“माझंच आहे.”

“मग कुठंय आता?”

त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“यापुढे येऊ नका,” ती म्हणाली. “आलात तर मी माणसं गोळा करीन.”

त्याने मान हलवली. उठला, बंद खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि चालू लागला. डिस्क यंत्रातच राहिली. त्याने मागितली नाही, तिनेही हाक मारली नाही.

नवरा आल्या आल्या तिने सगळं सांगितलं. सावली, फोटोवाला, न वाढणारं लेकरू. या वेळी तो हसला नाही. पोलिसांना दाखवू या, म्हणाला. “लाव बघू ती डिस्क.”

तो ठमीला घेऊन पडद्यासमोर बसला. तिने डिस्क सुरू केली.

मुलगा स्टुलावर चढत होता. दोन बोटं तोंडात, एका हाताने खिडकीचा गज धरलेला. स्टूल कलंडलं. चित्र हेलकावलं, जमीन दिसली, कॅमेरा तिथेच टाकून धावत जाणारे कुणाचेतरी पाय दिसले. मग आडव्या झालेल्या चित्रात एका तरुण माणसाच्या मांडीवर रडणारा मुलगा, आणि त्याच्या हनुवटीखाली धरलेला रुमाल लाल होत चाललेला.

ठमीची बोटं बापाच्या हनुवटीवर फिरत होती. त्याने ती हातात धरली आणि तशीच धरून ठेवली.

“बघितलंस?” ती म्हणाली. “मी म्हणत होते ना?”

डिस्क संपली, पडदा निळा झाला. तरी तो वळला नाही.

“बाबांना कुठे बसवलं होतंस तू आज?” त्याने विचारलं.