मुराळी

“जुळलं, काकू!” तरुण डॉक्टर शर्वरी कुपी घेऊन आत आली.

वैजयंताचा स्तन काढला, गाठ गेली. पण जखम चिघळली ती भरेना. जंतू मारणारी औषधं आता जगात कुठेच लागू पडत नव्हती. ज्याच्या त्याच्या जंतूंना खाणारा विषाणू कुठल्यातरी पाण्यात शोधायचा, एवढंच हाती उरलं होतं.

“तुमच्या भावाने म्हशींच्या डबक्यातलं पाणी पाठवलं ना, त्यात सापडला. शी, काय घाण होतं ते!”

“घाण नको म्हणूस गं, माहेरचं आहे.”

शर्वरीने जखमेवर थेंब सोडले. आई गेल्यापासून वैजयंताला न्यायला कुणी आलं नव्हतं. तिने डोळे मिटले.

“मुराळी आला.”

“मुराळी म्हणजे?”

“लेकीला माहेरी न्यायला येतो तो. आला गं बाई. आता दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला आई तेवढी हवी होती.”