सीलबंद

"काका, हे पाकीट उघडलेलं आहे."

हिमांशुने ते खिडकीच्या उजेडात धरलं होतं. भुपेंद्रला आधी वाटलं, नागपूरचा माणूस आहे, मजाक करत असेल.

"नीट पाहा ना भाऊ. नव्वद सालचा माल आहे. माझ्याशिवाय त्या कपाटाले कोणी हात लावत नाही."

हिमांशुने भिंग पुढे केलं. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पारदर्शक फुगा, फुग्यात पंज्याएवढा योद्धा, हातात ढाल. फुग्याची खालची कड ब्लेडने चिरून पुन्हा चिकटवलेली होती.

"कारखान्यातला गोंद इतक्या वर्षांत पिवळा पडतो. हा पांढरा आहे. आणि हे सगळे पाकिटात उभे असतात, काका. हा बसलाय."

खरंच. योद्धा गुडघे दुमडून, मांडीवर हात ठेवून बसला होता.

फुलचूरच्या त्या घरात अशी त्रेसष्ट पाकिटं होती. भुपेंद्र धान गिरण्यांना बेल्ट आणि बेअरिंग विकायचा, आणि लग्नाच्या आधीपासून ही खेळणी जमवायचा. बंद पडलेल्या दुकानांतून, तिरोड्याच्या एका जनरल स्टोअरच्या माळ्यावरून, कुठून कुठून. यातला एकही योद्धा त्याने कधी हातात घेतला नव्हता. नियमच तो. पाकीट फुटलं की ते खेळणं, बंद असलं की संग्रह. पुढच्या महिन्यात मुंबईत संग्राहकांचं प्रदर्शन होतं, तिथे फक्त सीलबंद पाकिटं घ्यायचे. एक काचेचं कपाट, त्यावर आपल्या नावाची पाटी. एवढंच त्याला हवं होतं, आणि फार वर्षांपासून हवं होतं. हिमांशु त्यासाठीच तपासणीला आला होता. आज दुकानसुद्धा बंद होतं.

"घरात लहान मुलं नाहीत ना?" हिमांशुने आल्या आल्या विचारलं होतं. "मग काळजी नाही."

भुपेंद्र हसून "नाही" म्हणाला होता. त्याची बायको दुर्गेश्वरी तेव्हा चहा ठेवत होती. ती ठेवून आत गेली.

दुसरं पाकीट उघडलेलं निघालं. तिसरंही. दहावंही. एका योद्ध्याच्या तळहाताला पिवळा डाग होता. हिमांशु बराच वेळ भिंगातून पाहत राहिला.

"हा कारखान्याचा रंग नाही. हळद वाटते."

दुपारपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट उघडलेली निघाली. हिमांशुने भिंग पुसून खिशात टाकलं. "ज्याने केलं त्याचा हात फार हलका आहे. पण यातलं एकही मला घेता येणार नाही, काका."

भुपेंद्रचे कान लाल झाले. मग एकदम त्याला सुचलं. "रिंकू! माझ्या बहिणीची पोरगी. उन्हाळ्यात पंधरा दिवस होती इथं. थांब, तिच्या मायलेच विचारतो." त्याने फोन लावला.

"रिंकूले काही म्हणू नका," दुर्गेश्वरी दारातून म्हणाली. "ते माझं काम हाय."

पलीकडे घंटी वाजत होती. त्याने फोन बंद केला.

"तुझं? काऊन पण?"

"दुपारी एकटीले घास जात नाही. म्हणून एकेकाले बाहेर काढत होती, ताटासमोर बसवत होती. चार गोष्टी करत होती. मंग परत चिकटवून देत होती, तुमचं नुकसान नोको म्हणून."

"बाहुल्यायसोबत गोष्टी?" तो ओरडला. या योद्ध्यांना कोणी बाहुल्या म्हटलं तर आजवर तोच भांडायचा.

"मंग कोणासोबत करू? तुमी सकाळी नवाले जाता, राती नवाले येता. जेवता, अन् कपाटाकडे पायत बसता."

हिमांशु उठला. गाडीची वेळ झाली म्हणाला. चपला घालताना त्याने दोघांकडेही पाहिलं नाही.

तो गेल्यावर भुपेंद्रने टेबलावरचं एक पाकीट तिच्यासमोर नाचवलं. "हा कोण हाय, माहीत तरी हाय का तुले? दुसरी मालिका, नंबर चौदा. याचा पट्टा कारखान्यात चुकून हिरवा रंगवला होता. असा पट्टा शोधून सापडत नाही."

"तो मनिराम," ती म्हणाली. "त्याले तिखट चालत नाही."

"काय?"

"अन् तो ढालवाला बिसराम. लय चोंबडा. मायेरचा फोन आला का सारं त्याले आधी सांगा लागते. तो कोपऱ्यातला ईश्वरदास. रुसते."

ती एकेकाकडे बोट दाखवत होती. तिचा आवाज असा भराभर चालतो, हे भुपेंद्रला ठाऊक नव्हतं. राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने आणखी एक पाकीट उचललं. याची कड इतक्या वेळा चिरली आणि चिकटवली होती, की गोंदाचा जाड काठच तयार झाला होता.

"अन् हा?"

आता मात्र तिने पदर सारखा केला. पाकिटातल्या माणसाकडे पाहत राहिली.

"भुपेंद्र," ती म्हणाली.

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर बावीस वर्षांत तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. "अवो" म्हणायची, आणि तो पेपरमागून "हूं" म्हणायचा. आपलं नाव तिच्या तोंडून असं ऐकू येतं, इतकं हळू, इतकं जवळून, हे त्याला आज कळलं. त्याने पाकीट खाली ठेवलं. खुर्ची ओढली, तिच्याकडे पूर्ण वळला.

"बोल," तो म्हणाला. "काय म्हणतेस?"

"तुमाले नाही म्हटलं," दुर्गेश्वरी म्हणाली. "त्याचं नाव सांगून राहिली."