पहिल्या बादलीचं पाणी

"अजून कागदाची चव लागतेय," ती म्हणाली आणि तोंडातलं पाणी तिने सिंकमध्ये थुंकलं.

नवऱ्याने पेला विसळून पुन्हा वाईन गाळायच्या फिल्टरच्या नळीखाली धरला. फिल्टरमध्ये चाळीस कागद होते, पुठ्ठ्यासारखे जाड आणि पांढरे. सकाळी तिने एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला होता आणि मगच बसवला होता. कागद दाबून धरणारं कडेचं चाक आवळायला तेवढं तिने नवऱ्याला बोलावलं होतं.

नव्या कागदांना स्वतःची चव असते. ती पाण्याने धुऊन काढली नाही तर वाईनमध्ये उतरते आणि मग काही केल्या जात नाही. कोपऱ्यातल्या टाकीत वर्षभराची वाईन होती. टाकी एकच होती.

दारात बाटल्या भरायची गाडी उभी होती. गाडीवाल्याला इथलं आटोपून दुपारी दुसरीकडे जायचं होतं.

"वहिनी, तासभर पाणी सोडताय. एवढ्यात माझी गाडी धुऊन झाली असती."

"आणा की आत. तीही धुऊन देते."

गाडीवाला हसला. त्याने नळीखाली ओंजळ धरून पाणी चाखलं. त्याला काहीच लागलं नाही. नवऱ्यालाही मघाशी काही लागलं नव्हतं, पण तो तसं बोलला नव्हता.

गाडीवाल्याने त्याला दाराशी नेलं. "राग मानू नका. पण केमोच्या औषधांनी जिभेची चव जाते म्हणतात. वहिनींना नुसता भास होत असेल तर?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. डोक्याला रुमाल बांधून ती फिल्टरवर वाकली होती. रुमालाखाली केस नुकते बोटभर आले होते. गेले चार महिने पाणी पिताना ती तोंड वाकडं करायची. लोखंड चाटल्यासारखं लागतं, म्हणायची. गेल्या आठवड्याभरात तसं काही म्हणाली नव्हती, पण त्यानेही विचारलं नव्हतं.

"हळू कशाला बोलताय?" ती तिथूनच म्हणाली. "औषध जिभेला बाधलं होतं, कानांना नाही."

गाडीवाला ओशाळला.

"असं करा," ती म्हणाली. "एक पेला नळाचा भरा, एक फिल्टरचा. मी ओळखते. चुकले तर खुशाल फिल्टरमध्ये वाईन सोडा. आणि पुढच्या वर्षीपासून चाखायला दुसरं माणूस बघा."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

नवऱ्याने एक पेला नळाखाली भरला. दुसरा घेऊन तो फिल्टरपाशी आला आणि थांबला. भिंतीकडेला सकाळची पहिली बादली होती. कागदांमधून निघालेलं पहिलं पाणी ती फरशी धुवायला ठेवायची. त्या पाण्यातला कागद कुणालाही कळला असता. गाडीवाला घड्याळ बघत होता. नवरा वाकला, आवाज न करता त्याने पेला बादलीत बुडवला, बाहेरून पुसला आणि दोन्ही पेले तिच्यापुढे ठेवले.

तिने पहिल्याचा घोट घेतला. "हे नळाचं."

दुसऱ्याचा घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकून टाकला. मग नवऱ्याकडे वळली.

"हे सकाळच्या पहिल्या बादलीतलं आहे."

नवरा फरशीकडे बघू लागला.

"मला पास करायला निघालात होय?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. "आता नळीतून येतंय ते आणा. मला त्याचंच सांगायचंय."

त्याने आणून दिलं. या वेळी तिला जास्त वेळ लागला. तिने डोळे मिटले. पंप चालू होता, पाणी मोरीच्या जाळीवरून वाहत होतं.

"आहे," ती म्हणाली. "थोडाच आहे, पण आहे. अजून अर्धा तास."

गाडीवाला बादलीपाशी गेला आणि बोट बुडवून त्याने चाखलं. मग नळीखाली बोट धरून चाखलं. पहिलं त्याला कळलं, दुसरं नाही. त्याने पुन्हा दोन्ही चाखून बघितलं. मग फोन काढला.

"मला उशीर होईल. हो, अजून इथेच आहे. पाणी चाखणं चाललंय... नाही हो, खरंच सांगतोय. तुम्ही बघायला हवं होतं." फोन खिशात घालून त्याने एक रिकामं खोकं उपडं केलं आणि त्यावर बसून राहिला. घड्याळाकडे पुन्हा पाहिलं नाही.

मधे दोनदा तिने चाखलं आणि दोन्ही वेळा थुंकलं.

तिसऱ्यांदा नवऱ्याने पेला दिला. तिने घोट घेतला, पण ती सिंककडे वळली नाही. तिने तो गिळला. पुन्हा एक घेतला. मग पेला ओठांना लावून तिने तो सावकाश रिकामा केला. तोंड कुठेच वाकडं झालं नाही.

"पाणी आहे," ती म्हणाली. "नुसतं पाणी."

नवऱ्याचा हात वाईनच्या व्हॉल्व्हकडे गेला होता. तो तिथेच राहिला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून एक पेला पिते."

गाडीवाला खोक्यावरून उठला, तिच्या हातातून त्याने पेला घेतला आणि तिच्यासाठी स्वतः नळीखाली धरला.