सरासरीचं भात

मुरबाडच्या शाळेत चार बुकं शिकून आल्यापासून धर्माचे पाय जमिनीला लागत नव्हते. बापानं गावच्या रीतीप्रमाणे दोघा भावांना नदीकाठचं थोडं भाताचं खाचर आणि डोंगरावरचं थोडं नाचणीचं वरकस असं दोन्हीकडे वाटून दिलं होतं. धर्मानं आपलं सगळं वरकस थोरल्या राघोला देऊन त्याचं खाचर घेतलं.

"आन् नदी चढली तर?" बायकोनं, कमळनं, विचारलं.

"अगो, दहा वर्सांत एकदा चढते. बाकीच्या नऊ वर्सांचं भात नाय दिसत तुला? सरासरी काय असते, ते नाचणी खाणाऱ्यांना काय कळणार!"

नदी पहिल्याच वर्षी चढली. खाचरांत दाणा उरला नाही. लढाईचे दिवस, बाजारात धान्य मिळेना. वरकसावर राघोची नाचणी मात्र तरारली होती. वर्षभराच्या नाचणीपायी सरासरीवाल्यानं काठाची सगळी जमीन राघोच्या नावावर करून दिली.

पुढच्या वर्षी गाळ बसलेल्या त्याच खाचरांत भात असं पिकलं, की सगळं गाव बघायला आलं. कापणी चालू असताना धर्मा हातात लोंबी धरून नाचायचाच बाकी होता. "बघ गो! बोललो नव्हतो? माझा हिशेब बरोबर आला!"

कमळनं वाकल्या वाकल्याच पेंढी बांधली.

"आला ना. आता विळा उचला. जाऊबाई बांधावर उभ्या हायत, नायतर दुपारची भाकर नाय द्यायच्या."