यकृत की हाड?

शिंपीकाकांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एक एन्झाइम फारच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "हे यकृतातून येतं, नाहीतर हाडांतून. काका, घेता का?"

काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "छे हो! शिवतसुद्धा नाहीत." इतकी वर्षं झाकलेली मूठ त्यांना इथेही उघडायची नव्हती.

पुढच्या तपासण्यांत यकृत ठणठणीत निघालं. काकूंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र काकांना बाहेर बसवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काकू, मग हे हाडांतूनच येतंय. स्कॅनमध्ये कॅन्सर हाडांत पसरलेला दिसतोय."

काकूंनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला.


"पुन्हा तपासा ना, डॉक्टर! मी खोटं बोलले. रोज पितात हो हे, रोज!"