द्वारकाबाईची बांगडी

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे!

जळगावच्या एका पापड केंद्रात सगळ्या बायकांच्या हातात नाडीवरून लक्ष ओळखणारी बांगडी आली. जीव जिथे रमतो तिथून मन हललं, की ती चिमटा काढायची. पहिल्याच दिवशी बांगडीनं विचारलं, "तुमचा जीव कशात रमतो?" बाकीच्या शहाण्या म्हणाल्या, "पापडात." द्वारकाबाई म्हणाली, "गप्पांत!"

झालं! ती गप्प बसून लाटायला लागली की चिमटा. दुपार झाली तरी पाटी अर्धीच. मुकादम चौधरीभाऊ म्हणाले, "संध्याकाळी पाटी भरली नाही, तर उद्यापासून घरी."

"मग बोलू द्या की मला!" म्हणत तिनं नणंदेच्या लग्नात नवरदेवाला घेऊन पळालेल्या घोड्याची गोष्ट काढली. चिमटे थांबले, लाटणं भराभर चाललं. आता चिमटे इतरांना बसायला लागले, पण गोष्टीवरून कान कुणी हलवेना. चारलाच द्वारकाबाईची पाटी भरली! रागवायला आलेले चौधरीभाऊ इतके हसले, की त्यांची कवळीच लाट्यांत पडली.

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणींनी आपापल्या बांगडीला कबूल केलं, "आमचाही जीव गप्पांतच गं!"

बरं बाई, चौधरीभाऊंचे दात त्यांचेच होते. कवळी तेवढी मी गोष्टीत बसवली.